झाकण उघडायचं नाही

मी पेटीवाला. भुसावळात गार्ड आणि ड्रायव्हर मंडळी ड्युटीवर जाताना पत्र्याची काळी पेटी बरोबर न्यायची, त्यातल्या पुष्कळ पेट्या आमच्या दुकानातल्या असायच्या. लग्नात मुलीला द्यायची पेटी, वसतिगृहात निघालेल्या पोराची पेटी, धान्याची पेटी, सगळं करायचो. पेटी तयार झाली की झाकणावर पांढऱ्या रंगात मालकाचं नाव मी स्वतः लिहायचो. माझं अक्षर शाळेत कधी कुणाला आवडलं नाही, पण पत्र्यावर ते शोभून दिसायचं. पुढे चाकांच्या बॅगा आल्या आणि लोकांनी पेट्या माळ्यावर टाकल्या. मी दुकानात माश्या मारत बसलो.

अशात एक दिवस कॉलेजात फिजिक्स शिकवणारे एक सर दुकानात आले आणि कागदावर काढलेली आकृती समोर ठेवली. मोठ्या पेटीत लहान पेटी बसवायची. दोन्हींच्या मधल्या फटीत ऊब धरणारं काहीतरी ठासून भरायचं. आतून काळा रंग, वर पत्र्याच्या चौकटीत एकावर एक बसवलेल्या दोन काचांचं झाकण आणि त्याच्या मागे उभा आरसा. काळ्या डब्यात डाळ-तांदूळ घालून पेटी उन्हात ठेवायची, आरशाने ऊन काचेवर पाडायचं.

"यात स्वयंपाक होतो," सर म्हणाले.

मला वाटलं, सरांना ऊन लागलंय. पण रिकामा बसलो होतो, म्हणून केली. दुपारी बाराला तिच्यातून तूरडाळ निघाली, ती बोटाने दाबली तर मेण. त्या दिवसापासून मी सूर्यचुली करतोय. भुसावळच्या उन्हाला सगळं जग नावं ठेवतं, माझ्याइतकं त्याला कुणी डोक्यावर घेतलं नसेल. आता मुलं धंद्यात नाहीत, गुडघे ऐकत नाहीत, त्यामुळे दुकान बंदच असतं. हातात एकच काम आहे. पुण्यातल्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत मावेल एवढी लहान चूल करायची आहे, आणि त्या गॅलरीत ऊन येतं दोनच तास. ती कुणाची, ते पुढे सांगतो.

सूर्यचुलीची धाकटी बहीण म्हणजे ऊबपेटी. हिला ऊनही लागत नाही. गॅसवर डाळीला दहा मिनिटं सणसणीत उकळी आणायची, झाकणासकट पातेलं पेटीत ठेवायचं आणि चारी बाजूंनी गाद्या दाबून पेटी बंद करायची. आतल्या आत, आपल्याच उबेवर डाळ शिजत राहते. सकाळी मजुरीला निघालेल्या बाईने घरी येऊन झाकण उघडलं की जेवण तयार.

आता फटीत काय भरायचं, यावर माझी निम्मी अक्कल खर्च झाली. पहिल्या चुलीत थर्माकोल भरला. तो उन्हाने आत वितळला आणि भाताला असा वास आला की आमच्या कुत्र्यानेही तोंड फिरवलं. मग सावद्याच्या एका बागायतदाराने सुचवलं, केळीची वाळकी पानं आणि खोडाची सोपटं भरा, आमच्याकडे ढीग पडलाय. मला ते भलतंच पटलं. खानदेशात राहून केळी सोडून दुसरीकडे कशाला बघायचं? दहा पेट्या भरल्या आणि पोचवल्या. पण वरून वाळकी दिसणारी सोपटं आतून ओली होती. आठ दिवसांत काचांवर पाणी साचलं, पेट्यांना बुरशी आली. एका गिऱ्हाइकाने तर कौतुकाने सांगितलं, की चुलीत ठेवलेला कच्च्या केळ्यांचा फणा दोन दिवसांत पिवळाधमक झाला, आता पाहुणे आले की ते तिच्यातच केळी पिकवतात. मी स्वयंपाकाला दिलेली चूल लोकांनी रायपनिंग चेंबर करून टाकली होती.

दहाच्या दहा पेट्या परत आणल्या. त्या मी फोडत बसलो असताना बायको दारात येऊन उभी राहिली. ती धुळ्याची. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, पण माझी चूक काढायची असली की तिला माहेरची अहिराणीच लागते.

"गादीमा काय भरतस? कापूस ना? मंग?"

एवढंच बोलून ती आत गेली. घरात जुन्या गाद्यांचा कापूस होता, तो पिंजून भरला आणि प्रश्न मिटला. मी मात्र अजूनही गिऱ्हाइकांना सांगतो, की बऱ्याच संशोधनानंतर आम्ही कापसावर आलो.

चुलीला नावं ठेवणारे पुष्कळ भेटले. प्रत्येक प्रात्यक्षिकात कुणीतरी विचारणारच, "भरीत होतं का?" वांगी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर भाजायची, त्या धुराची चव लागली पाहिजे, तरच आमच्याकडे त्याला भरीत म्हणतात. माझ्या चुलीत धूर नाही. वांगं मऊ होतं, पण नुसतंच मऊ. मी खरं सांगून टाकायचो, की नाही होत. मग अर्धे लोक तिथेच उठायचे.

पण या धंद्याचं खरं दुखणं वेगळंच आहे. माणसाला झाकण उघडल्याशिवाय राहवत नाही. एकदा उघडलं की आत साठलेली ऊब भसकन निघून जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सासू उघडते, सून उघडते, शेजारीण बघायला आली की तिला दाखवायला म्हणून उघडतात. मग मला फोन, "अहो, तुमची चूल शिजवत नाही." माझ्या आयुष्यातलं सर्वांत जास्त वेळा बोललेलं वाक्य "झाकण उघडू नका" हेच असेल. एक रिटायर्ड इंजिन ड्रायव्हर तेवढे शिस्तीचे निघाले. ते वहीत रोज लिहायचे, ऊन किती वाजता आलं, किती मिनिटं लेट, डाळ किती वाजता सुटली. वेळ झाल्याशिवाय झाकण उघडायचे नाहीत. त्यांच्यासारखं गिऱ्हाईक पुन्हा मिळणार नाही असं मी समजत होतो. मग गोदाअक्का भेटल्या.

होळी होऊन गेली होती. दुकानासमोर एक गाडी थांबली आणि पन्नाशीकडे झुकलेला एक माणूस उतरला. नाव किशोर, नोकरी पुण्याला, गाव सावद्याच्या पुढे. गावी आई एकटी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, केळीची बाग कसायला दिलेली होती.

"काका, आई विसरते," तो म्हणाला. "दोनदा गॅस चालू ठेवून ओट्यावर जाऊन बसली. दुसऱ्यांदा पातेलं जळून भोक पडलं. शेजारच्या मंदावहिनींना वास आला म्हणून निभावलं. मी सिलिंडर काढून टाकलाय. वहिनी डबा देतात, पण आई तो खात नाही. दुसऱ्याच्या हातचं नको म्हणते. तिला पुण्याला घेऊन जातो म्हटलं तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही."

"मग माझ्याकडे काय काम?"

"तुमच्या चुलीत जाळ नसतो ना? एक महिना बघतो. तिने काही जाळलं नाही आणि नीट जेवली, तर राहू दे तिला घरी. नाहीतर मी तिचं काही ऐकणार नाही."

मी तेव्हा जरा छाती फुगवून बसलो. एक महिना काय, एक वर्ष घ्या, म्हणालो. इतकी वर्षं लोकांना सांगत होतो, की हिच्यात काही करपत नाही, उतू जात नाही, वेळेवर काढायचं राहिलं तरी बिघडत नाही. विसरणं हा गुण ठरावा अशी ही एकच चूल. आता ते दाखवायला मिळणार होतं.

नवी पेटी घेऊन गेलो तेव्हा अक्का ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. ठेंगण्या, काटक, कपाळावर गोंदण. पत्र्याची पेटी उतरवताना बघितली आणि त्यांच्या हातातला लसूण थांबला.

"ही पेटी काबरं आणली?" त्यांनी किशोरला विचारलं. "मी कुठीच जाणार नही."

किशोर पेटीला बांधलेली दोरी सोडू लागला. मीच पुढे झालो. "अक्का, ही जायची पेटी नाही. ही घेतली की घरीच राहायचं."

त्यांचा विश्वास बसला नाही. मी अंगणात चूल मांडली. अशा जागी, की आरसा एकदा लावला की सकाळपासून दुपारपर्यंत हलवायची गरज पडू नये. त्यांना सगळं समजावलं. त्या ऐकून घेत होत्या, पण डोळे माझ्या हातावर होते.

"आग नही, मंग शिजीन कसं?"

"ऊन आहे ना."

"ऊन तं माझ्या डोक्यावर बी पडते, भाऊ. माझं डोकं कुठी शिजते?"

मंदावहिनी भिंतीपलीकडून खळखळून हसल्या. मी झाकणाच्या चौकटीवर पांढऱ्या रंगाने आधी त्यांचं नाव लिहिलं आणि खाली तीन ओळी. सकाळी नऊला ठेवायचं. झाकण उघडायचं नाही. एक वाजता जेवायचं. अक्कांनी बोट ठेवून सगळं वाचलं. आपलं नाव दोनदा वाचलं.

भाकरी मंदावहिनी देणार, वरण-भात आणि भाजी अक्का करणार, असं ठरलं. संध्याकाळसाठी बाजूला एक ऊबपेटी दिली, दुपारी उरलेलं तिच्यात ठेवलं की रात्री गरमच.

महिनाभर सावद्याकडे काही ना काही कामं काढून मी आठवड्यातून दोनदा डोकावत राहिलो. पहिल्याच खेपेला खूश झालो. सकाळी नऊला अक्का आल्या, ओळी वाचल्या, डाळ धुतली, हळद, मीठ, पाणी सगळं हाताच्या अंदाजाने घातलं, डबे आत ठेवले, झाकण लावलं. ऐंशीच्या पुढची बाई, पण हातांना काही सांगावं लागत नव्हतं. मग ओट्यावर जाऊन बसल्या आणि एक वाजेपर्यंत पेटीकडे एकदाही फिरकल्या नाहीत. इतक्या वर्षांत असं गिऱ्हाईक बघितलं नव्हतं. ड्रायव्हर साहेबही अधूनमधून काचेवरून हात फिरवायचे.

एक वाजता त्यांनी झाकण उघडलं. वाफेबरोबर लसणीचा वास आला.

"अरे वा!" अक्का म्हणाल्या. "वरण आहे. गरम आहे. कोनं ठेवलं?"

मी हसलो. "तुम्हीच ठेवलं, अक्का."

"मी तं सकाळपासून ओट्यावर बसेल आहे."

मला वाटलं, थट्टा करताहेत. त्यांचा स्वभावच तसा. मला जेवायचा आग्रह केला, मी म्हणालो, घरून खाऊन आलोय, पुढच्या वेळी.

पुढच्या वेळी पुन्हा तेच. झाकण उघडलं, डोळे मोठे केले, आणि मंदावहिनींना हाक मारली, "ओ मंदा, तू ठेवलं काय हे?" वहिनी नाही म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं. तेव्हा मला समजलं. सकाळचं त्यांना दुपारी आठवत नव्हतं. त्यांच्या लेखी त्यांच्या नावाच्या पेटीत रोज कुणीतरी जेवण आणून ठेवत होतं.

आणि त्या घाबरल्या नव्हत्या. खूश होत्या. डबा खायला तयार नसलेली ही बाई या परक्या हातचं मात्र बोटं चाटून खात होती.

"बाई कोन आहे माहीत नही," घास घेता घेता मला म्हणाल्या. "पन हाताची चांगली आहे. लसूण माझ्यासारखाच ठेचते. मीठ तेवढं जरा कमी टाकते. भेटली तं सांगजो तिले." मग आणखी वरण वाढून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊ, आजपर्यंत मलेच करावं लागलं सगळ्यांसाठी. माझ्यासाठी कोनी करून ठेवेल नव्हतं."

मी त्यांना सांगितलं नाही, की ती बाई तुम्हीच. एकदा सांगून बघितलं होतं, तर चेहरा इतका गोंधळला की पुन्हा धीर झाला नाही.

दर रविवारी किशोरचा फोन यायचा. "काका, काही जळलं का?" नाही. "नीट जेवते का?" पोटभर. दोन्ही उत्तरं खरी होती. त्याने विचारलं नाही ते मी सांगितलं नाही. मंदावहिनींनाही म्हणालो, राहू द्या, महिना पुरा होऊ द्या. स्वतःशी म्हणत होतो, की अक्कांना घर सोडावं लागू नये म्हणून गप्प आहे. ते खोटं नव्हतं. पण माझी पेटी जिंकत होती, हेही होतंच. घरी बायकोला सांगितलं तेव्हा तिने ताट वाढता वाढता विचारलं, "तुम्हले त्या पेटीनी काळजी शे का त्या मायनी?" मी भाकरीचा तुकडा मोडत बसलो. चाळीस वर्षांत तिच्या अहिराणीला मी पहिल्यांदाच घाबरलो.

महिना झाला आणि किशोर आला. मलाही बोलावलं होतं. भिंतीवर काजळी नाही, करपलेलं भांडं नाही, आईचे गाल भरलेले. तो अंगणात उभा राहून माझे आभार मानत होता, तेवढ्यात एक वाजला. अक्कांनी झाकण उघडलं.

"ये रे किशोर, जेव. एक बाई रोज करून ठेवते माझ्यासाठी. कोन आहे ते कोनीच सांगत नही मले."

किशोरने आईकडे बघितलं, मग पेटीकडे, मग माझ्याकडे.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता खाली बसला. उद्या ती उठून बाहेर निघून गेली आणि घर कोणतं ते विसरली तर, एवढंच म्हणाला. मला ते सुचलंच नव्हतं. महिनाभर मी फक्त चुलीकडे बघत होतो, आणि चुलीने काहीच चुकवलं नव्हतं. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, तुम्ही तिच्या बाजूने होतात, काका, मला कळतं. माणूस सरळ होता, म्हणूनच जास्त लागलं.

किशोरने अक्कांना पुण्याला, चौथ्या मजल्यावरच्या आपल्या घरी न्यायचं ठरवलं. निघायच्या दिवशी मीही गेलो. दारात चाकांच्या दोन बॅगा उभ्या होत्या. अक्कांना नवं पातळ नेसवलं होतं. पुण्याला जायचं म्हटलं की त्या रागावायच्या, पण त्या सकाळी रागावलेल्या नव्हत्या. नऊ वाजले होते आणि त्या पेटीपाशी उभ्या राहून माझ्या तीन ओळी वाचत होत्या. मग डाळ धुवायला घेतली.

"आई, आता कशाला?" किशोर म्हणाला. "आपण निघतोय. रस्त्यात जेवू."

"आपल्यासाठी नही रे," अक्का म्हणाल्या. "ती बाई येईन ना. महिनाभर तिनं मले खाऊ घातलं, एक दिवस तं मी तिच्यासाठी करू. आपण नही, आन ती येऊन उपाशी जाईन."

किशोर आतल्या खोलीच्या खिडक्या लावायला गेला. बराच वेळ लावत होता. अक्कांनी लसूण ठेचला, डबे आत ठेवले, झाकण लावलं आणि पदराला हात पुसत माझ्याकडे आल्या.

"भाऊ, तू अठीच थांबजो. ती आली तं सांगजो, अक्का पुण्याले गेली. आन एक वाजल्याशिवाय झाकण उघडजो नको."

मला आजवर हे वाक्य दुसऱ्या कुणी ऐकवलं नव्हतं. मी हो म्हणालो. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत अक्का मागे वळून अंगणाकडे बघत होत्या.

मी ओट्यावर बसून राहिलो. मंदावहिनींनी भिंतीवरून रोजच्या सवयीने दोन भाकरी दिल्या आणि त्यांच्या लक्षात आलं, तशा त्या तोंडाला पदर लावून आत गेल्या. कुलूप लावून, किल्ली वहिनींकडे देऊन आणि दोन्ही पेट्या टेम्पोत टाकून मला जायचं होतं. टेम्पोवाला दोनदा येऊन गेला. आत काय झालं असेल ते बघावं असं फार वाटत होतं, पण मी हात लावला नाही. मध्ये एकदा उठून आरसा जरासा नीट केला, तेवढंच.

एक वाजला. कुणी आलं नाही. मी झाकण उघडलं, चष्म्यावर वाफ आली, ती पुसली. वरण, भात, बाजूला वाटीत ठेचलेला कांदाही होता. अक्कांना किती वेळा म्हणालो होतो, पुढच्या वेळी जेवीन. तिथेच अंगणात मांडी घातली, भाकरी कुस्करली, वर वरण ओतलं आणि खाल्लं.

अक्का खरं सांगत होत्या. बाई हाताची चांगली होती. मीठ तेवढं जरा कमी टाकायची.